रसदीचा एकखांबी तंबू

अमेरिकेच्या ‘फॉरेस्टल’ या विमानवाहू नौकेवर १९६३ च्या अखेरीस एक विलक्षण प्रयोग करण्यात आला. चार इंजिनांचे ‘हर्क्युलिस’ हे अवजड मालवाहू विमान भर समुद्रात तिच्या डेकवर उतरविण्यात आले. विमानाच्या शेपटीला आकडा नव्हता आणि डेकवर आडव्या ताणलेल्या ज्या पोलादी तारा एरवी विमानांना रोखून धरतात, त्यांचाही आधार घेतलेला नव्हता. लेफ्टनंट जेम्स फ्लॅटली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे विमान २१ वेळा डेकवर पूर्णपणे थांबवून दाखविले आणि तितक्याच वेळा कॅटपल्टच्या मदतीवाचून तेथूनच उडविले. अकरा हजार किलोंच्या वर माल घेऊन अडीच हजार मैलांवरील नौकेपर्यंत असे विमान पोचू शकेल, असा निष्कर्ष निघाला. तरीही नौदलाने ती कल्पना बाजूला ठेवली. विमान उतरताना त्याच्या पंखाचे टोक आणि नौकेवरील मनोरा यांत पंधरा फुटांचेही अंतर राहत नव्हते. शिवाय ते डेकवर असेपर्यंत नौकेच्या लढाऊ विमानांना वावरण्यास जागा उरली नसती. जी नौका लढण्यासाठी समुद्रात धाडली तिने रसदीचे विमान आले की लढणे थांबवायचे, हा सौदा परवडणारा नव्हता.

त्या नकारामागील हिशेब अचूक होता. मालवाहू विमानाची किंमत कारखान्याच्या दारात ठरत नाही, ती डेकवर ठरते, हे त्या वेळच्या अधिकाऱ्यांनी ओळखले होते. त्यानंतर अर्धशतकाने, २०१५ मध्ये, त्याच नौदलाने आपल्या जुन्या ‘ग्रेहाउंड’ विमानाच्या जागी कोणते विमान आणायचे याचा निर्णय घेतला, तेव्हा मात्र हिशेबाची वही बदललेली दिसते. या निर्णयाचे परिणाम २०२३ च्या अखेरीस उघड झाले. ते केवळ सेनानींनी अभ्यासावेत असे नाहीत. सार्वजनिक पैशातून मोठी यंत्रसामग्री विकत घेणाऱ्या कोणत्याही शासनाला त्यांत विचार करण्याजोगे पुष्कळ आहे.

प्रथम या विमानाचे काम काय ते पाहिले पाहिजे. अमेरिकेच्या अणुशक्तीवर चालणाऱ्या विमानवाहू नौकेवर सुमारे पाच हजार माणसे राहतात. त्यांचे धान्य, विमानांचे इंधन आणि दारूगोळा पुरवठा-जहाजे आणतात. दोन जहाजे शेजारी शेजारी चालवून दोर आणि नळ्यांच्या साहाय्याने हा माल भर समुद्रात एकीवरून दुसरीवर चढविला जातो. टनावारी मालासाठी याहून स्वस्त मार्ग नाही आणि तो बदलण्याचे कोणी सुचविलेलेही नाही. विमानाने जाते ते वेगळेच. लढाऊ विमान ज्याच्यावाचून अडून राहिले आहे असा सुटा भाग, रुग्ण, बदलीवर आलेला तंत्रज्ञ, तपासणीस येणारा अधिकारी आणि टपाल. वजनाने हा माल एकूण रसदीचा क्षुल्लक अंश असतो. परंतु कोट्यवधी डॉलरांचे विमान हातभर लांबीच्या एका पंपासाठी आठवडाभर डेकखाली उभे राहणार की उद्या सकाळी उडणार, हे त्या क्षुल्लक अंशावर अवलंबून असते. अर्थशास्त्राच्या भाषेत, या मालाची सरासरी किंमत विचारून उपयोग नाही. तो वेळेवर न पोचल्यास होणारे सीमांत नुकसान विचारात घ्यावे लागते.

हे काम आधी ग्रमन कंपनीच्या ‘ट्रेडर’ या पिस्टन इंजिनाच्या छोट्या विमानाने केले. ते १९८८ पर्यंत सेवेत होते. ‘ग्रेहाउंड’ने पहिले उड्डाण १९६४ मध्ये केले आणि १९६६ पासून ते नौदलात दाखल झाले. ते कोऱ्या कागदावर आखलेले विमान नव्हते. त्याच कंपनीचे ‘हॉकआय’ नावाचे टेहळणी विमान डेकवर आलेले होतेच. पाठीवर प्रचंड तबकडी असलेले हे विमान दूरवरच्या शत्रूची चाहूल रडारने घेते. त्याचेच पंख आणि इंजिने घेऊन, पोट फुगवून आणि मागे उघडणारे दार बसवून ‘ग्रेहाउंड’ तयार करण्यात आले. १९८४ मध्ये अमेरिकेने जुन्यांच्या जागी याच जातीची आणखी ३९ नवी विमाने मागविली आणि ती १९९० पर्यंत हाती आली. साडेचार हजार किलो माल किंवा २६ उतारू घेऊन हजार सागरी मैलांच्या पुढे जाण्याची त्याची क्षमता होती. उतारू विमानाच्या शेपटीकडे तोंड करून बसत; कारण तारेने विमान रोखले जाते तेव्हा बसणारा हिसका पाठीने सोसणे सोपे. या प्रवासात सुखसोय अशी काही नव्हती, पण रसद पोचत होती.

मधल्या काळात एक निराळा प्रयोगही झाला. १९८० च्या दशकात अमेरिकन विमानवाहू नौका अरबी समुद्राच्या उत्तर भागात महिनोन् महिने तळ देऊन असत. इराणमधील ओलिसांच्या सुटकेसाठी १९८० च्या एप्रिलमध्ये निघालेली हेलिकॉप्टरे याच समुद्रातील ‘निमित्झ’वरून उडाली होती. मुंबईच्या वृत्तपत्रांतून त्या काळी या नौकांविषयी बरेच लिहिले गेले. त्यांचा जवळचा भरवशाचा तळ म्हणजे विषुववृत्तापलीकडील दिएगो गार्सिया. एवढी लांब मजल मारण्यासाठी पाणबुडीविरोधी ‘व्हायकिंग’ या जेट विमानाची मोजकीच विमाने शस्त्रे काढून मालवाहू करण्यात आली. भार थोडा पण पल्ला मोठा, अशी ती सोय होती. अंतर, भार आणि डेकवरील जागा या तिहींचा मेळ एकच विमान सर्वत्र घालू शकत नाही, हे त्या काळात मान्य होते आणि म्हणून दोन जातींची विमाने शेजारी शेजारी नांदली.

२०१५ चा सौदा

‘ग्रेहाउंड’ थकले तेव्हा तीन पर्याय समोर होते. नॉर्थ्रप ग्रमनने तेच विमान नव्याने बांधण्याचा प्रस्ताव ठेवला. नव्या ‘हॉकआय’चे पंख, इंजिने आणि वैमानिकाचा कक्ष त्यात बसविण्यात येणार होता. लॉकहीडने ॲरिझोनाच्या वाळवंटात साठवून ठेवलेली निवृत्त ‘व्हायकिंग’ विमाने बाहेर काढून त्यांना रुंद नवे धड जोडण्याचे सुचविले. तिसरा पर्याय बेल आणि बोइंग यांच्या ‘ऑस्प्रे’चा. पंखांच्या टोकांशी असलेली इंजिने पंख्यांसकट उभी करून हे यंत्र हेलिकॉप्टरसारखे उठते, आणि ती आडवी केली की विमानासारखे उडते. ते मरीन दलाकडे २००७ पासून नियमित वापरात होते. २०१३ च्या जूनमध्ये ‘हॅरी ट्रूमन’ या नौकेवर त्याची चाचणी झाली. २०१५ च्या जानेवारीत नौदल-सचिव रे मेबस, नौदलप्रमुख ॲडमिरल जोनाथन ग्रीनर्ट आणि मरीन दलाचे प्रमुख जनरल जोसेफ डनफर्ड यांनी एका करारपत्रावर सह्या केल्या आणि नौदलाने ‘ऑस्प्रे’ घ्यावे असे ठरले. तिघांना खुल्या स्पर्धेत उतरवून निविदा मागविण्यात आल्याच नाहीत.

या निर्णयाची बाजू लटकी होती असे म्हणणे अन्यायाचे होईल. ‘ऑस्प्रे’चे उत्पादन चालूच होते, त्यामुळे नवे विमान आखण्याचा खर्च आणि कालावधी वाचणार होता. मरीन दल, हवाई दल आणि नौदल यांचे प्रशिक्षण आणि सुटे भाग सामाईक होणार होते. त्याला कॅटपल्ट लागत नाही, तारा लागत नाहीत. त्यामुळे नौकेने विमाने सोडण्याचे आणि उतरविण्याचे चक्र गाठेपर्यंत रसदीच्या विमानाने ताटकळण्याचे कारण नाही. याखेरीज एक मुद्दा असा होता की ज्यापुढे बाकीचे वाद थंडावत. नव्या ‘एफ-३५ सी’ लढाऊ विमानाच्या इंजिनाचा सर्वांत मोठा खंड त्याच्या पेटीसह ‘ग्रेहाउंड’च्या पोटात मावत नाही, ‘ऑस्प्रे’त तो मावतो. २०२१ च्या फेब्रुवारीत ‘कार्ल व्हिन्सन’ या नौकेवर तो उतरवून दाखविण्यातही आला. ज्या विमानावर पुढची तीस-चाळीस वर्षे नौदलाची मदार राहणार, त्याचे इंजिनच समुद्रात पोचवता येत नसेल तर जुन्या गाडीच्या गुणांचे पोवाडे गाऊन काय उपयोग?

हा युक्तिवाद भक्कम आहे, पण तो जेवढे सिद्ध करतो तेवढेच त्यातून घेतले पाहिजे. इंजिनाचा तो खंड वाहून नेण्यासाठी काही ‘ऑस्प्रे’ हवीत, एवढे त्यावरून ठरते. सारीच रसद त्यांनी वाहावी, हे ठरत नाही. शिवाय रुंद धडाच्या ‘व्हायकिंग’मध्येही ते इंजिन जमविता येईल असा लॉकहीडचा दावा होता. तो खरा की विक्रेत्याचा डामडौल, हे पडताळण्याचे साधन म्हणजे स्पर्धा. आणि स्पर्धाच झाली नाही.

नौदलाने दिलेल्या दुसऱ्या कारणाचा, म्हणजे सामाईकपणाचा, विचार येथे थोडा सविस्तर करायला हवा. कारण सर्व सरकारी खरेदीत हा शब्द मंत्रासारखा वापरला जातो. एकच जातीचे यंत्र सर्वांनी वापरले की खर्च कमी होतो, हे तत्त्व खरे आहे. पण सामाईक कोणाशी, हा प्रश्न त्याआधी विचारला पाहिजे. ‘ऑस्प्रे’ सामाईक होते ते किनाऱ्यावरील मरीन तळांशी आणि हवाई दलाच्या विशेष पथकांशी. विमानवाहू नौकेच्या डेकवर त्याचे सगेसोयरे कोणीच नाही. ‘ग्रेहाउंड’चे मात्र सख्खे भावंड, ‘हॉकआय’, प्रत्येक नौकेवर असतेच. दोघांची इंजिने एकाच कुळातली, आठ पात्यांचे पंखे तेच आणि दुरुस्तीची विद्याही बहुतांशी एक. समुद्रात अडलेल्या ‘ग्रेहाउंड’ला लागणारा सुटा भाग त्याच नौकेच्या कोठारात सापडण्याची शक्यता मोठी होती. नव्या ‘हॉकआय’चा फ्लोरिडातील कारखानाही २०१५ मध्ये चालूच होता, तेव्हा चालू उत्पादनाचा फायदा फक्त ‘ऑस्प्रे’लाच होता असेही नाही. अर्थसंकल्पाच्या तक्त्यात तीन दलांचा सामाईकपणा ठळक दिसतो. नौकेच्या पोटातील कोठाराचा सामाईकपणा त्या तक्त्यात कोठल्याच रकान्यात येत नाही. १९६३ मध्ये डेकवरून केलेला हिशेब २०१५ मध्ये कार्यालयातून केला गेला, असे म्हणावे लागते ते यासाठी.

भाराचीही गोष्ट तशीच. नौदलासाठी ‘ऑस्प्रे’त इंधनाच्या जादा टाक्या बसविण्यात आल्या आणि सुमारे २,७०० किलो माल ११५० सागरी मैल नेण्याची त्याच्याकडून अपेक्षा ठेवण्यात आली. ‘ग्रेहाउंड’चे साडेचार हजार किलो शेजारी ठेवले म्हणजे तीन खेपांचे काम पाच खेपांवर जाते हे उघड होते. ‘ग्रेहाउंड’च्या केबिनमध्ये हवेचा दाब राखला जातो, त्यामुळे वादळाच्या वरून उतारू नेता येतात. ‘ऑस्प्रे’त तशी सोय नाही, प्राणवायूचे मुखवटे लावल्याखेरीज उतारूंसह फार उंच जाता येत नाही. जखमी माणूस नेताना हा फरक कागदावर वाटतो त्याहून मोठा असतो. संरक्षण खात्याच्या चाचणी विभागाने पुढे या नव्या विमानाचा अहवाल दिला, तेव्हा ते काम करू शकते, परंतु विश्वासार्हतेच्या कसोटीला उतरत नाही, असा अभिप्राय नोंदविला. वारंवार बिघडणाऱ्या भागांत बर्फ जमू न देणारी यंत्रणा प्रमुख होती.

खेपा वाढल्या तर वाढू देत, असे त्या वेळी मनात धरले गेले असावे. २०१८ मध्ये एकत्रित कंत्राट झाले. एकूण ५८ ‘ऑस्प्रे’साठी सुमारे ४.२ अब्ज डॉलर, आणि त्यांतली ३९ नौदलाची. २०२१ च्या ऑगस्टमध्ये ‘कार्ल व्हिन्सन’बरोबर नवे विमान प्रथमच दीर्घ सफरीवर निघाले. पश्चिम किनाऱ्यावरचे ‘ग्रेहाउंड’चे पथक यथावकाश विसर्जित करण्यात आले आणि उरलेली विमाने पूर्वेकडील नॉरफोक येथे एकवटली.

याकूशिमानंतर

२९ नोव्हेंबर २०२३ रोजी जपानच्या याकूशिमा बेटाजवळ अमेरिकन हवाई दलाचे एक ‘ऑस्प्रे’ समुद्रात कोसळले आणि त्यातील आठही जण मृत्युमुखी पडले. त्याच वर्षी ऑस्ट्रेलियात आणि आदल्या वर्षी कॅलिफोर्नियात मरीन दलाची विमाने पडली होती. यंत्राच्या आरंभकाळातील अपघात धरले तर साठांहून अधिक माणसे या जातीच्या विमानांत मृत्यू पावली आहेत. २००० च्या एप्रिलमध्ये ॲरिझोनात एकाच वेळी १९ जणांचा बळी गेला होता. याकूशिमाच्या चौकशीत असे निष्पन्न झाले की पंखा फिरविणाऱ्या गियरबॉक्समधील एका दंतचक्राला तडा गेला आणि त्यातून पुढील सर्व घडले. गियरबॉक्सात धातूचे कण सापडत असल्याचे इशारे विमानात वारंवार मिळूनही उड्डाण चालू ठेवण्यात आले, असा ठपका चौकशीने ठेवला. दोष एका विमानाचा नव्हता, जातीचा होता. म्हणून ६ डिसेंबर २०२३ रोजी तिन्ही दलांची सर्व ‘ऑस्प्रे’ जमिनीवर उतरविण्यात आली.

सामाईकपणाची दुसरी बाजू त्या दिवशी दिसली. मरीनांच्या आणि हवाई दलाच्या विमानांशी जे जे समान होते ते नौदलाच्या विमानातही होते, गियरबॉक्सचा दोषदेखील. विमानवाहू नौकांची रसद कोणी न्यायची? ज्यांना निरोप देण्याची तयारी चालली होती त्या ‘ग्रेहाउंड’नाच पुन्हा समुद्रावर धाडावे लागले. २०२४ च्या मार्चमध्ये बंदी उठली, तीही अर्धीच. जेथे उतरता येईल अशा विमानतळापासून अर्ध्या तासाच्या उड्डाणाबाहेर ‘ऑस्प्रे’ने जाऊ नये, असे बंधन घालण्यात आले. विमानवाहू नौका नेमकी त्या अर्ध्या तासाच्या पलीकडेच असते. अलीकडे असती तर रसदीच्या विमानाची गरज एवढी तीव्र राहिलीच नसती. ११५० सागरी मैलांच्या पल्ल्यासाठी जादा टाक्या बसवून घेतलेले विमान किनाऱ्याभोवती घुटमळत राहिले. २०२४ च्या डिसेंबरमध्ये, न्यू मेक्सिकोतील एका प्रसंगानंतर, उड्डाणे काही काळ पुन्हा थांबविण्यात आली.

विम्याचा हप्ता

अर्थशास्त्रात जोखमीचा विचार करताना दोन प्रकारच्या हानींत भेद करतात. एक हानी अशी की ती आज येथे, उद्या तेथे होते. एकीचा दुसरीशी संबंध नसतो. दहा विमानांपैकी एक बिघडले तर नऊ चालू राहतात, आणि दहाऐवजी अकरा घेतली की निभावते. दुसरी हानी एकाच वेळी सर्वांवर कोसळते. तिच्यावर संख्या वाढविणे हा उपाय नाही. ४८ ‘ऑस्प्रे’ असोत वा ९६, दंतचक्राचा पोलाद सर्वांत एकाच रीतीने घडविलेला असला म्हणजे सगळी एकदमच उभी राहणार. तिच्यावर एकच उपाय, तो म्हणजे जातीचे वैविध्य. दख्खनच्या कोरडवाहू पट्ट्यातील शेतकरी बाजरीच्या ओळींत तूर पेरतो तेव्हा दोन्हींचे सर्वाधिक उत्पन्न त्याला मिळत नाही हे तो जाणतो. बाजरी गेली त्या वर्षी तूर त्याला तारून नेते, आणि त्यासाठी सोडलेले चार मण धान्य हा त्याने भरलेला हप्ता असतो. त्याच्या या हिशेबाला कोणी अपव्यय म्हणत नाही.

दोन जातींची मालवाहू विमाने ठेवणे म्हणजे दोन प्रशिक्षणशाळा, दोन कोठारे आणि दोन प्रकारचे तंत्रज्ञ, हे आक्षेप खरे आहेत. प्रश्न एवढाच की हा खर्च कशाच्या तुलनेत मोठा? नौदलाच्या अंदाजपत्रकात तो ‘दुहेरी व्यवस्था’ म्हणून नोंदला जातो, आणि काटकसरीची कुऱ्हाड पहिली पडते ती अशा नोंदीवरच. त्याने टळलेले नुकसान कोठेच नोंदले जात नाही, कारण जे घडले नाही त्याची पावती फाटत नाही. खासगी विमा कंपनी आपला हप्ता मागायला दारात येते. येथे हप्ता मागणाराच कोणी नसतो. शिवाय ज्याने काटकसर केली त्याच्या पदरी श्रेय त्याच वर्षी पडते आणि बिघाड आठ वर्षांनी, दुसऱ्याच्या कारकिर्दीत येतो. २०१५ च्या करारपत्रावर सही करणाऱ्यांपैकी एकही जण २०२३ च्या डिसेंबरमध्ये त्या पदावर नव्हता.

येथे ‘ग्रेहाउंड’चे स्तोत्र गाण्याचा हेतू नाही. तेही म्हातारे झाले होते. २२ नोव्हेंबर २०१७ रोजी ‘रोनाल्ड रेगन’ या नौकेकडे ११ जणांना घेऊन निघालेले एक ‘ग्रेहाउंड’ फिलिपिन्सच्या पूर्वेकडील समुद्रात पडले. आठ वाचले, तिघांचा अंत झाला. जुन्या विमानाचे भाग मिळणे दरवर्षी कठीण होत जाते आणि निरोप लांबवीत नेणे हीही जोखीमच आहे. दोष ‘ऑस्प्रे’ निवडण्यात नसून त्याची निवड एकमेव म्हणून करण्यात आणि त्याहीपेक्षा क्रम चुकविण्यात आहे. नवे यंत्र खोल समुद्रावर, वाईट हवेत, चार-सहा वर्षे कसाला लागण्याआधीच जुन्याची पथके मोडीत काढण्यात आली. पूर्वेकडील पथक तेवढे शिल्लक होते म्हणून निभावले. त्याचेही विसर्जन झालेले असते तर २०२३ च्या डिसेंबरात नौदलाला तहान लागल्यावर विहीर खणावी लागली असती.

‘ऑस्प्रे’ टिकून राहिले यामागे राजकारणाचा वाटा किती, हा प्रश्न अमेरिकेत जुना आहे. संरक्षणमंत्री असताना डिक चेनी यांनी १९८९ पासून सलग काही वर्षे हा कार्यक्रम बंद करण्याचा प्रयत्न केला आणि प्रत्येक वेळी काँग्रेसने पैसा परत मंजूर केला. बेलचा कारखाना टेक्ससमध्ये, बोइंगचा पेनसिल्व्हेनियात आणि सुटे भाग पुरविणारे चाळीसहून अधिक राज्यांत, अशी रचना असल्यावर वेगळे काय होणार? ज्या प्रकल्पाचे पाट इतक्या शेतांतून वाहतात तो अडविणे कोणत्याही मंत्र्याला जड जाते. महाराष्ट्रातील साखर कारखान्यांचे आणि धरणांचे राजकारण पाहिलेल्या वाचकाला हे समजावून सांगण्याची आवश्यकता नाही. तथापि २०१५ च्या निर्णयाचे सारे खापर राजकारणावर फोडणे सोयीचे असले तरी पुरेसे नाही. तो निर्णय गणवेशातल्या माणसांनी, तक्ते समोर ठेवून, सद्‌हेतूने घेतला होता. आणि तक्त्यातील प्रत्येक आकडा बरोबर असू शकेल.

भारतीय नौदलाला हा प्रश्न या रूपात आज भेडसावत नाही. ‘विक्रमादित्य’ आणि २०२२ च्या सप्टेंबरमध्ये सेवेत आलेली नवी ‘विक्रांत’ या दोन्ही नौकांवर कॅटपल्ट नाही; पुढे उचललेल्या उतारावरून त्यांची विमाने उडतात, त्यामुळे ‘ग्रेहाउंड’च्या जातीचे विमान त्यांच्या उपयोगाचे नाही आणि तातडीची रसद हेलिकॉप्टरने जाते. परंतु एकाच जातीवर विसंबण्याचा फटका भारताने वेगळ्या रूपात नुकताच अनुभवला. ५ जानेवारी २०२५ रोजी पोरबंदर येथे तटरक्षक दलाचे ‘ध्रुव’ हेलिकॉप्टर कोसळून तिघांचा मृत्यू झाला, आणि दोषाचे मूळ सापडेपर्यंत तिन्ही सेनादलांची आणि तटरक्षक दलाची मिळून तीनशेहून अधिक ‘ध्रुव’ महिनोन् महिने जमिनीवर राहिली. हिमालयातील ठाण्यांना शिधा पोचविण्यापासून समुद्रातील बचावापर्यंत सर्व कामे एका यंत्रावर सोपविलेली होती. ‘ध्रुव’ स्वदेशी आहे ही अभिमानाची बाब खरीच, पण अभिमानाने दोन जातींची गरज संपत नाही. तिसऱ्या विमानवाहू नौकेची चर्चा दिल्लीत अधूनमधून होते. तिच्यावर कॅटपल्ट असावा की नसावा हा वाद होताना त्यात रसदीच्या विमानाचा उल्लेख क्वचितच येतो. वास्तविक कॅटपल्ट असेल तर ‘हॉकआय’सारखी टेहळणी आणि तिच्याच अंगावरून बेतलेले मालवाहू विमान ही दोन्ही दारे उघडतात, आणि नसेल तर दोन्ही बंद राहतात. नौकेचा आराखडा आखतानाच पुढील चाळीस वर्षांच्या रसदीचा मार्ग ठरून जातो.

अमेरिकेत आता सुधारित पोलादाची दंतचक्रे ‘ऑस्प्रे’त बसविण्याचे काम हाती घेण्यात आले आहे. शेकडो विमानांचे गियरबॉक्स बदलायचे असल्याने ते २०३० च्या दशकात जाऊन पुरे होईल. ‘ग्रेहाउंड’ची अखेरची विमाने २०२६ मध्ये निवृत्त करण्याचे नियोजन होते. चालू उत्पादनाचा लाभ म्हणून जे विमान घेतले त्या ‘ऑस्प्रे’चा स्वतःचा कारखाना नव्या मागण्यांअभावी हे दशक संपण्यापूर्वी बंद होण्याच्या वाटेवर आहे. फ्लोरिडात अमेरिकेबरोबरच जपान आणि फ्रान्ससाठीही ‘हॉकआय’ची बांधणी करण्यात आली, त्यांपैकी फ्रान्सच्या ‘शार्ल द गोल’ या नौकेवर कॅटपल्ट आहे आणि अमेरिकन ‘ग्रेहाउंड’ तिच्यावर उतरलेलेही आहे. नॉर्थ्रप ग्रमनचा तो जुना प्रस्ताव कपाटातून काढून त्याची फेरतपासणी करायला नौदलाला नवा पैसा फारसा लागणार नाही. दोन सहकारी देशांना वाटेकरी करून घेता आले तर वीस-पंचवीस विमानांचा खर्च कितीवर येतो, आणि तो एका विमानवाहू नौकेच्या रखडलेल्या सफरीशी ताडून पाहता कसा दिसतो, एवढा हिशेब तरी या वेळी डेकवर उभे राहून मांडता येईल. कारखान्यातील शेवटचे ‘हॉकआय’ बाहेर पडेपर्यंतच त्याला अवधी आहे.